विज्ञान, श्रद्धा आणि ख्रिस्तसभेचा शब्द: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

मी ठाण्याचा. आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) मुलांना धर्मशिक्षण दिलं. म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात: व्हॉट्सअ‍ॅपवर, तलावपाळीच्या कट्ट्यावर, वाशी-नेरुळच्या नातेवाइकांकडच्या बारशात. तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी धर्मगुरू नाही आणि संशोधकही नाही. जिथे ख्रिस्तसभेची (कॅथलिक चर्चची) शिकवण सांगतोय तिथे तसं म्हटलं आहे, जिथे माझं मत आहे तिथे तसं.

१. विज्ञान मानणारा माणूस मनापासून ख्रिस्ती असू शकतो का? आई म्हणते, फार प्रश्न विचारशील तर श्रद्धा जाईल.

असू शकतो. ही सवलत नाही, ही ख्रिस्तसभेची स्वतःची शिकवण आहे. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) म्हटलं की श्रद्धा आणि बुद्धी यांच्यात खरा विरोध असू शकत नाही, कारण दोन्ही देणारा देव एकच. १९६५ साली दुसऱ्या परिषदेने आणखी एक पाऊल टाकलं: सृष्टीला स्वतःचे नियम आहेत, ते शोधण्याची विज्ञानाची पद्धत स्वतंत्र आहे, आणि काही ख्रिस्ती लोकांनी हे स्वातंत्र्य ओळखलं नाही याचा खेद वाटतो.

माणसं बघायची तर वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल ऑगस्टिनियन मठातला साधू होता. खडकांच्या थरांचा क्रम कसा वाचायचा हे १६६९ मध्ये मांडणारा स्टेनो पुढे बिशप झाला. इतकं लांबही जायला नको. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले, जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचे फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या घाटातल्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद केली, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सकाळी मिस्सा, दुपारी भिंग. त्यांच्या आयुष्यात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं.

आईच्या भीतीला मात्र हसू नका. तिने प्रश्न विचारत विचारत घरापासून तुटलेली माणसं पाहिली असतील. तिला एवढंच सांगा की बायबलमधला ईयोब आपल्या धार्मिक मित्रांना ठणकावून विचारतो: देवाची बाजू राखायला तुम्ही खोटं बोलणार का? हा प्रश्न मला रोज उपयोगी पडतो.

२. फादरांचं प्रवचन, बिशपांचं पत्र, पोपचं परिपत्रक, धर्मसिद्धान्त. सगळं सारख्याच वजनाचं असतं का?

नाही, आणि निम्मे गोंधळ हे न कळल्यामुळेच होतात.

मिस्सेत आपण जो विश्वासांगीकार म्हणतो (ख्रिस्त मरणातून उठला वगैरे) तो पाया आहे. तो नाकारला तर कॅथलिक श्रद्धेचं घरच उरत नाही. त्याखाली पोप आणि बिशपांची नेहमीची शिकवण येते. ती अचूक म्हणून घोषित नसली तरी तिला 'मनाची आणि इच्छेची धार्मिक नम्रता' द्यावी असं दुसरी परिषद सांगते. म्हणजे 'मला पटत नाही' म्हणून पहिल्या झटक्यात झटकून टाकायचं नाही. त्याखाली शिस्तीचे नियम: शुक्रवारचा उपास, लॅटिन परंपरेतलं धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य. हे बदलू शकतात आणि बदलले आहेत. आणि सगळ्यात खाली एखाद्या फादरांनी प्रवचनाच्या ओघात 'साखरेवर कारल्याचा रस रामबाण' म्हणणं. ते त्यांचं वैयक्तिक मत. त्यांनी झगा घातलेला असला तरी कारल्याबद्दल ते तुमच्या-आमच्यासारखेच.

विज्ञानातही अशाच पायऱ्या आहेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे एक, आणि काल पेपरात आलेला कॉफीवरचा अभ्यास हे दुसरं. दोन्हींना 'विज्ञान सांगतं' असं एकाच दमात म्हणणारा माणूस कारल्याच्या प्रवचनाइतकीच चूक करतो.

मी स्वतःला आधी विचारतो: हे विधान जग कसं चालतं याबद्दल आहे, की आपण कसं जगावं याबद्दल? आणि बोलणारा ते किती जोर लावून म्हणतोय? पुढची बहुतेक उत्तरं इथूनच निघतात.

३. पण पोप चुकूच शकत नाहीत ना?

ही समजूत चुकीची आहे. १८७० चा सिद्धान्त फार अरुंद आहे: पोप सर्व ख्रिस्ती लोकांचा गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांबद्दल, सर्व ख्रिस्तसभेला बांधील असा अंतिम निर्णय जाहीर करतात तेव्हाच. त्यानंतर हे एकदाच घडलं, १ नोव्हेंबर १९५० रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या (ती देहासह स्वर्गात घेतली गेली या) सिद्धान्ताच्या वेळी. खगोल, वैद्यक, अर्थकारण यांत पोप चुकू शकतात.

४. उत्पत्तीच्या पुस्तकात सहा दिवस, विज्ञान म्हणतं १३८० कोटी वर्षं. कोण खरं?

चांदोबाला 'मामा' म्हणणारी आई खोटं बोलत नसते, आणि तिच्या गाण्यावरून चंद्राची वंशावळ काढणारा माणूस शहाणा नसतो. आधी कोणत्या प्रकारचं बोलणं चाललंय ते ओळखावं लागतं. १९६५ चा बायबलवरचा परिषदेचा दस्तऐवज नेमकं हेच सांगतो: लेखकाने कोणता साहित्यप्रकार वापरला ते पाहा. बायबल जे सत्य अचूक शिकवतं ते आपल्या तारणासाठीचं सत्य.

हे विज्ञानापुढे हात टेकून केलेलं नवं स्पष्टीकरण नाही. पहिला अध्याय स्वतःच सांगतो की सूर्य चौथ्या दिवशी झाला. मग पहिले तीन दिवस कसे मोजले? पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस शेवटी. दुसऱ्या अध्यायात आधी माणूस, मग प्राणी. ज्यांनी ही दोन वर्णनं शेजारी ठेवली त्यांना हे दिसत नव्हतं असं समजणं म्हणजे त्यांना कमी लेखणं.

संत ऑगस्टिनने सोळाशे वर्षांपूर्वी इशारा दिला होता: आकाश, तारे, ग्रहणं यांबद्दल अश्रद्ध माणसालाही बरंच ठाऊक असतं. त्याच्यासमोर ख्रिस्ती माणूस बायबलच्या नावाने काहीतरी भलतंच बोलू लागला तर लाजिरवाणं होतं, आणि मग पुनरुत्थानाबद्दल तो आपलं कशाला ऐकेल? पाचव्या शतकातलं हे वाक्य मला आजच्या फॉरवर्ड्सना लागू पडतं असं वाटतं.

५. माझ्या मुलीला दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. उत्क्रांती मानणं पाप आहे का?

नाही. मुलीने धडा नीट समजून घ्यावा आणि पेपरात लिहिलेलं उत्तर मनातही खरं मानावं. परीक्षेपुरतं एक आणि चर्चपुरतं दुसरं, असं शिकवलेलं मूल पुढे दोन्ही सोडतं. मी हे वर्गात पाहिलं आहे.

डार्विनचं १८५९ चं पुस्तक ख्रिस्तसभेच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कधीच नव्हतं. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये सांगितलं की मानवी शरीर आधीच्या सजीवांतून आलं का, याचा अभ्यास तज्ज्ञांनी करायला हरकत नाही. मात्र आत्मा देव थेट निर्माण करतो. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पोंटिफिकल अ‍ॅकॅडमीला (व्हॅटिकनच्या विज्ञान संस्थेला) कळवलं की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही, कारण वेगवेगळ्या शाखांतले स्वतंत्र पुरावे एका ठिकाणी येऊन मिळतात.

आत्म्याबद्दलचा भाग विज्ञान सिद्ध करू शकत नाही आणि खोडूही शकत नाही, कारण तो जीवाश्मांत सापडणारा पदार्थ नाही. तिथे विज्ञानाच्या शिक्षकाने गप्प बसावं. आणि जिथे जीवाश्म आहेत तिथे धर्मशिक्षकाने.

६. मग आदाम आणि हव्वा खरंच होऊन गेले का?

हा सोपा प्रश्न नाही आणि मी तो सोपा करून सांगणार नाही. जनुकशास्त्रानुसार आपली जात एका जोडप्यातून नव्हे, हजारोंच्या लोकसंख्येतून आली. १९५० च्या पत्रात पोप पायस यांनी अनेक मूळ जोडप्यांची कल्पना भाविकांनी स्वीकारू नये असं म्हटलं, आणि कारण दिलं की ही कल्पना आदिपापाच्या शिकवणीशी कशी जुळेल हे दिसत नाही. त्यांनी 'अशक्य' हा शब्द वापरला नाही, आणि तेव्हापासून धर्मपंडित याच फटीत काम करत आहेत.

मी वर्गात काय सांगतो? आदिपाप म्हणजे माणसाने देवाला दिलेला नकार, आणि तो माझ्यात आहे हे मला पुराव्याशिवाय कळतं. तो नकार इतिहासात पहिल्यांदा कसा, किती जणांनी दिला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. लोकसंख्येचा पुरावा मी नाकारत नाही आणि शिकवणही सोडत नाही. दोन्ही हातांत धरून ठेवतो. हात दुखतात, हे खरं.

७. गॅलिलिओला चर्चने जाळलं. मग चर्चने विज्ञानाबद्दल बोलावंच कशाला?

गॅलिलिओला जाळलं नाही. जाळलं ते जिओर्दानो ब्रुनोला, १६०० साली रोममध्ये. त्याच्यावरचे आरोप मुख्यतः धर्मसिद्धान्तांबद्दल होते, पण त्याने ते कृत्य क्षम्य होत नाही.

गॅलिलिओची गोष्ट सविस्तर कळायला हवी, कारण दोन्ही बाजूंचे लोक तिचा अर्धा भागच सांगतात. १६१० मध्ये त्याने दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले, त्याच वर्षी शुक्राच्या कलाही. म्हणजे सगळं काही पृथ्वीभोवती फिरत नाही हे उघड झालं. १६१५ मध्ये कार्डिनल बेलार्मिन यांनी लिहिलं की सूर्य स्थिर असल्याचा खरा पुरावा मिळाला, तर बायबलमधल्या त्या ओळींचा अर्थ आपल्याला समजला नाही असं म्हणावं लागेल, आणि जे सिद्ध झालंय ते खोटं आहे असं म्हणता येणार नाही. हे वाक्य मी अनेकदा वाचलं. आजही कुणाही भाविकाला ते पुरेल.

पक्का पुरावा तेव्हा गॅलिलिओकडेही नव्हता. भरती-ओहोटीचा जो दाखला तो सर्वांत महत्त्वाचा मानत होता, तो चुकीचा होता. ठाण्याच्या खाडीचं पाणी चढतं-उतरतं ते चंद्र-सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने. पृथ्वी फिरते म्हणून ताऱ्याची जागा वर्षभरात किंचित सरकलेली दिसायला हवी. ती खात्रीशीर मोजली खगोलशास्त्रज्ञ बेसेलने, १८३८ मध्ये.

मग ख्रिस्तसभेची चूक कुठे झाली? पुरावा मागण्यात नाही. पुराव्याची वाट न पाहता १६१६ मध्ये 'हे बायबलविरुद्ध आहे' असा शिक्का मारून, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक रोखण्यात चूक झाली. (त्याच १६१६ साली गोव्यात राशोलच्या छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठी ओव्या छापल्या जात होत्या. एकाच संस्थेचं एक दार उघडत होतं आणि दुसरं बंद होत होतं.) आणि मोठी चूक २२ जून १६३३ ची. ६९ वर्षांच्या म्हाताऱ्याला गुडघ्यांवर बसवून, जे तो खरं मानत होता ते नाकारायची शपथ घ्यायला लावली. उरलेलं आयुष्य तो नजरकैदेत राहिला आणि १६४२ मध्ये वारला. त्याची लाडकी मुलगी मठात धर्मभगिनी होती. तो शेवटपर्यंत कॅथलिकच राहिला.

माझ्या मते ते पाप होतं, नुसती चूक नव्हे. एका भाविकाला अधिकाराच्या जोरावर देवासमोर खोटं बोलायला लावलं. ईयोबाचा प्रश्न (प्रश्न १) तिथे कुणी विचारला नाही. निषिद्ध यादीतून ही पुस्तकं १८३५ मध्ये गेली. न्यायालयाच्या चुकीची कबुली पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये दिली. ३५९ वर्षं फार झाली. पण ती कबुली मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळेच आज मी मुलांना हे चर्चच्या आवारात बसून शिकवू शकतो.

८. बिग बँग म्हणजेच 'प्रकाश होवो' ना? हे सांगून आम्ही मित्रांना गप्प करतो.

करू नका. ज्याने ही कल्पना मांडली त्यालाच ते आवडलं नसतं. जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन धर्मगुरू. १९२७ मध्ये त्याने विश्व प्रसरण पावतंय हे गणिताने मांडलं, १९३१ मध्ये 'आदिम अणू'ची कल्पना. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात या सिद्धान्ताचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं, हा भौतिकशास्त्राचा सिद्धान्त आहे. तो उद्या बदलला तर काय, देवही बदलायचा? पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दाखला पुन्हा दिला नाही.

एका धर्मगुरूने पोपच्या सोयीचा निष्कर्षही मोडून काढला, आणि याच माणसाला ख्रिस्तसभेने १९६० मध्ये पोंटिफिकल अ‍ॅकॅडमीचा अध्यक्ष केलं. अधिकार आणि विज्ञान यांचं नातं कसं असावं याचा यापेक्षा चांगला दाखला मला सापडलेला नाही.

९. ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले. त्यांच्या कथेतले चमत्कारही मानायचे का?

तोलेन्तीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि डेमेट्रियस हे ठाण्यात मारले गेले, हा इतिहास आहे. त्यांच्यासोबत भारतात आलेल्या जॉर्डनस या डॉमिनिकन साधूने त्या काळात लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. काही वर्षांनी आलेल्या ओडोरिकने अस्थी गोळा करून चीनकडे नेल्या आणि सविस्तर वृत्तान्त दिला. जेम्सला आगीत टाकलं तरी तो भाजला नाही, हे त्या वृत्तान्तात आहे. ओडोरिकने ते स्वतः पाहिलेलं नव्हतं, तो लोकांकडून ऐकून लिहीत होता.

इतिहासकार साक्षीदार किती जवळचा हे बघतो, आपणही बघावं. हौतात्म्य मानायला आगीचा चमत्कार लागत नाही. तो मानणं ही कुणावर सक्ती नाही.

१०. क्रूसातून पाणी येतंय, मूर्ती रडतेय असे व्हिडिओ येतात. शंका घेतली तर घरचे म्हणतात, देवाची निंदा करतोस.

शंका घेणं ही ख्रिस्तसभेचीच रीत आहे. १७ मे २०२४ रोजी व्हॅटिकनने अशा घटनांसाठी नवे नियम जाहीर केले. बिशपांनी चौकशी करायची, तज्ज्ञ घ्यायचे, आणि अनुकूल निष्कर्ष निघाला तरी साधारणपणे तो 'श्रद्धेला बाधक काही आढळलं नाही' इतकाच. 'हे अलौकिक आहे' असं सहसा जाहीर केलंच जात नाही.

आपल्या शेजारचंच उदाहरण. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याला इर्ला इथे क्रूसातल्या ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते बाटल्यांत भरून नेत होते, काही जण पीतही होते. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी जागा पाहून सांगितलं की जवळचा सांडपाण्याचा निचरा तुंबलाय आणि केशाकर्षणाने पाणी वर चढतंय. केशाकर्षण म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं ते. नववीच्या मुलालाही पटेल. यावर काही कॅथलिक मंडळींनी त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या कलम २९५ अ खाली तक्रारी केल्या, आणि त्यांनी त्याच वर्षी देश सोडून फिनलंड गाठलं.

एडामारुकू टीव्हीवर ख्रिस्तसभेबद्दल आणखी बरंच बोलले, ते मला मान्य नाही. पण गटाराच्या पाण्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवे होते. ते पाणी कुणाची तरी आजी तीर्थ म्हणून पीत होती. मला आजही याची लाज वाटते, आणि मी ती माझ्याच समाजाची लाज म्हणून सांगतोय.

११. येशूच्या देहाभोवती गुंडाळलेलं म्हणतात ते ट्युरिनचं कफन?

१९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी केली. कापड १२६० ते १३९० च्या दरम्यानचं निघालं. नमुन्याच्या जागेवरून वाद चालू आहेत. ख्रिस्तसभा त्याच्या खरेपणाबद्दल अधिकृत निर्णय देत नाही. त्यासमोर प्रार्थना करता येते, त्यावर श्रद्धा टांगता येत नाही.

१२. प्रार्थना शिबिरात सांगितलं की विश्वास असेल तर गोळ्या बंद कर. काय करू?

गोळ्या बंद करू नका. दुसरं काहीही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

आमच्या धर्मग्रामातली एक बाई, क्षयाच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात, बरं वाटू लागलेलं. एका शिबिरातून आली आणि तिने गोळ्या थांबवल्या. साध्या क्षयाचे उपचारही साधारणपणे सहा महिने चालतात. मध्येच सोडले की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. तिचं तेच झालं. पुढची दोन वर्षं तिने आणि तिच्या मुलांनी जे काढलं ते मी जवळून पाहिलं. शिबिर घेणारा माणूस पुन्हा दिसला नाही.

बायबल याबद्दल स्पष्ट आहे. सिराखच्या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात लिहिलंय की वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच नेमलंय. औषधं जमिनीतून प्रभूनेच उगवली, शहाणा माणूस ती नाकारत नाही. २००० साली व्हॅटिकनने आरोग्यप्रार्थनांसाठी नियम काढले: अशा सभा बिशपांच्या देखरेखीखाली असाव्यात, उन्माद आणि दिखाऊपणा टाळावा. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देणं हा गुन्हा मानतो, मग मंत्र कुठल्याही धर्माचा असो.

'मग लुर्दला (फ्रान्समधल्या तीर्थस्थानी) लोक बरे होतात ते?' असं लगेच विचारलं जातं. तिथे १८८३ पासून वैद्यकीय कचेरी आहे. हजारो दाव्यांपैकी सत्तरच्या आसपासच मान्य झाले. डॉक्टर फक्त 'आजच्या ज्ञानाने स्पष्टीकरण नाही' एवढंच म्हणतात. 'चमत्कार' हा शब्द बिशप वापरतात. दोघे आपापल्या हद्दीत राहतात. आणि डॉक्टरांना कागद तपासायला मिळावेत म्हणून तरी रुग्णाने उपचार घेतलेले असावे लागतात.

१३. कोविशील्ड गर्भपातातून आलेल्या पेशींवर बनायची म्हणे. घेतली ते पाप झालं का?

नाही. ती लस ज्या पेशींत वाढवायचे त्या पेशीमालिकेचा उगम १९७० च्या दशकातल्या एका गर्भापर्यंत जातो, हे खरं आहे. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की दुसरा पर्याय नसताना अशी लस घेणं नैतिकदृष्ट्या योग्य आहे, कारण त्या मूळ कृत्याशी तुमचा संबंध फार दूरचा आहे. लस घेणं ऐच्छिक असावं, पण न घेणाऱ्याने इतरांना संसर्ग होऊ नये याची काळजी घ्यावी, असंही त्यात होतं.

१४. हवामानबदल हा विज्ञानाचा विषय. पोपनी त्यावर परिपत्रक का काढावं?

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या त्या परिपत्रकातच लिहिलंय की ख्रिस्तसभा वैज्ञानिक प्रश्नांचा निकाल लावायचा दावा करत नाही. तापमान का वाढतंय हे पोप शास्त्रज्ञांकडून घेतात. त्याचा फटका आधी गरिबाला बसतो आणि म्हणून आपण काय करायला हवं, हे ते स्वतः सांगतात. प्रश्न २ मधली वाटणी इथे स्वच्छ दिसते. ऐरोलीच्या पुलावरून खाडी बघा. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. खारफुटी पाणी कसं अडवते हे विज्ञान सांगेल. ती तोडून भराव टाकायचा का, हे ठरवायला विज्ञान एकटं पुरत नाही.

१५. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर आयव्हीएफ सुचवतात, चर्च नाही म्हणतं. विज्ञानाने शक्य आहे तर चर्च का अडवतं?

सगळ्यात जास्त निरोप या प्रश्नाचे येतात, बहुतेक रात्री उशिरा.

आधी शिकवण. १९८७ आणि २००८ च्या दस्तऐवजांत ख्रिस्तसभेने दोन कारणं दिली: मूल पती-पत्नीच्या मीलनातून यावं, प्रयोगशाळेतल्या क्रियेतून नव्हे. आणि या प्रक्रियेत जादा भ्रूण तयार होतात, ते गोठवले किंवा टाकले जातात. वंध्यत्वावरचे जे उपचार मीलनाला मदत करतात (शस्त्रक्रिया, संप्रेरकं) ते तिला मान्य आहेत. ते आधी पुरते करून बघितलेत का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

हा गॅलिलिओसारखा वाद नाही. तिथे प्रश्न पृथ्वी फिरते का हा होता, आणि त्याचं उत्तर मोजून मिळालं. आयव्हीएफने मूल होतं हे कुणी नाकारत नाही. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी १९८६ मध्येच ते करून दाखवलं. 'करता येतं' वरून 'करावं' हे विज्ञान सिद्ध करू शकत नाही. म्हणून 'विज्ञान पुढे गेलं, चर्च मागे राहिलं' हे वाक्य इथे लागू पडत नाही, कितीही ओठांवर आलं तरी.

पण ख्रिस्तसभेचा माणूस नैतिक शिकवणीच्या समर्थनार्थ वस्तुस्थिती सांगतो, तेव्हा ती तपासली जाणारच. २००३ मध्ये व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक विभागाचे प्रमुख कार्डिनल म्हणाले की एचआयव्हीचा विषाणू निरोधातून आरपार जातो. जागतिक आरोग्य संघटनेने ते चूक असल्याचं सांगितलं, आणि ते चूकच होतं. कृत्रिम संततिनियमन नको म्हणणारी १९६८ ची शिकवण तुम्ही मानता की नाही हा वेगळा प्रश्न, पण ती टिकवायला रबराबद्दल खोटं सांगायची गरज नव्हती.

तुमच्यापुरतं: शिकवण पूर्ण वाचा, भ्रूणांचं काय होतं हे डॉक्टरांना थेट विचारा, आणि मग प्रश्न १६ वाचा. तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी सांगत नाही, कारण मला दोन मुलं आहेत आणि ते मला फार सोपं जाईल. एकच आठवण देतो. १९७८ मध्ये जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ जन्मलं तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल लुचियानी, जे महिनाभरातच पोप जॉन पॉल पहिले झाले, त्यांनी त्या मुलीला शुभेच्छा दिल्या आणि तिच्या आईवडिलांना दोषी ठरवायला नकार दिला. १९८७ चा दस्तऐवजही म्हणतो की असं जन्मलेलं प्रत्येक मूल देवाची देणगी म्हणून स्वीकारलंच पाहिजे. कुणी तुमच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला नाक मुरडलं तर हे त्यांना दाखवा.

१६. एखादी शिकवण प्रामाणिकपणे पटत नाही. मी अजून कॅथलिक आहे का? फादरांशी बोलू कसा?

आहात. १९९० च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात अडचण वाटणं आणि जाहीर मोहीम उघडणं यात फरक केला आहे. ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्याच्या (कॅनन कायद्याच्या) २१२ व्या कलमानुसार भाविकांना आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडायचा हक्क आहे, आणि ज्ञान असेल तर कधी कधी ते कर्तव्यही आहे. सद्सद्विवेक हा माणसाचा सर्वांत आतला गाभारा आहे, तिथे तो देवासोबत एकटा असतो, असं दुसरी परिषद म्हणते. त्याचा अर्थ 'मला वाटेल ते' असा नाही. विवेक घडवावा लागतो. आधी शिकवण काय आहे हे मूळातून वाचलं का, की फक्त तिच्यावरची टीका वाचली?

मिस्सेनंतर दारात, चार माणसांत फादरांना गाठू नका. वेळ मागून घ्या. 'तुमचं चुकलं' ऐवजी 'हे मला असं दिसतंय, कुठे चुकतोय?' असं विचारा. काही फादर ऐकून घेतील, काही नाही घेणार. एकदा एका फादरांनी मला भर वर्गातून उठवलं होतं. मी दुसऱ्या फादरांकडे गेलो. ख्रिस्तसभा सोडली नाही.

१७. विज्ञानही सारखं बदलतं. मग त्यापेक्षा चर्चचंच कायम धरलं तर?

विज्ञान बदलतं ते पुराव्याने, आणि आधीचं बहुतेक सांभाळून. आइन्स्टाइननंतरही न्यूटनच्या नियमांवरच यानं सुटतात. आणि ख्रिस्तसभेचीही समज वाढत जाते, हे प्रश्न ५ आणि ७ मध्ये दिसलं. जी शिकवण कायम आहे ती जगाच्या यंत्रणेबद्दल नाही, म्हणून तिला विज्ञानाच्या जागी बसवता येत नाही.

१८. माझा मुलगा संशोधक झाला आणि मिस्सेला यायचं बंद केलं. विज्ञानाने त्याला माझ्यापासून नेलं. त्याला काय वाचायला देऊ?

काही देऊ नका, निदान आत्ता. ही यादीही पाठवू नका.

विज्ञानानेच नेलं याची खात्री आहे का? माझ्याकडे आलेल्या अशा मुलांपैकी बऱ्याच जणांना उत्क्रांतीची अडचण नव्हतीच. लहानपणी एक प्रश्न विचारला आणि 'असं बोलू नये' म्हणून कुणीतरी गप्प केलं, ते त्यांच्या मनात राहिलं होतं. कधी तो कुणीतरी म्हणजे मीच होतो. एकाची मी जाऊन माफी मागितली. तो अजूनही मिस्सेला येत नाही, पण नाताळात घरी येतो आणि आम्ही तारे बघायला गच्चीवर जातो.

व्हॅटिकनच्या वेधशाळेत आज भारतीय जेझुइट फादर रिचर्ड डिसोझा आहेत. देवयानी दीर्घिकेने काही अब्ज वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली, हे त्यांनी सहकाऱ्यासोबत २०१८ मध्ये मांडलं. मुलाला आवडेल असा विषय आहे, पण तो ते वाचून मिस्सेला येईल या आशेने सांगू नका. त्याला ती आशा लगेच कळेल.

पुढच्या रविवारी तो जेवायला आला की विचारा, सध्या तुझं काम कशावर चाललंय. समजलं नाही तर पुन्हा विचारा. जेवण होईपर्यंत मिस्सेचा विषय काढू नका. जेवणानंतरही काढू नका.